आधी पंखा, मग इंजिन

घरी हलकं विमान बांधायचा ध्यास घेतलेली पोरं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो. "काका, इंजिन तर घेऊन ठेवलं जी, आता पंखा कोणता बसवू?" इंजिन म्हणजे भंगारातून आणलेलं मारुती ८०० चं. स्वस्त, सुटे भाग कुठेही मिळणारं, तुमसर-साकोलीचा कोणताही मेकॅनिक सहज उघडेल असं. माझी हयात गिअर आणि शाफ्टच्या कामात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, ही सुरुवातच उलटी आहे. आधी विमानाचं वजन आणि वेग ठरवा. त्यावरून पंखा ठरवा, पंख्याला किती फेरे आणि किती ताकद लागेल ते काढा, आणि इंजिन शोधायला त्यानंतर निघा.

१९०३ साली राइट बंधूंकडे चार्ली टेलरने घडवलेलं जेमतेम १२ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. पण पंखा म्हणजे गोल फिरणारा पंखच, हे ओळखून त्यांनी साडेआठ फुटी दोन पंखे गणिताने काढले. इंजिनाचे फेरे साखळीने जवळजवळ एक-तृतीयांशावर उतरवून ते पंखे संथ फिरवले. मोठा पंखा आणि कमी फेरे, हा हिशेब आजही बदललेला नाही. ताकद तेवढीच ठेवून पंख्याचा व्यास पाच फुटांवरून तीन फुटांवर आणला, तर जागेवरची ओढ जवळपास ३० टक्क्यांनी घटते.

आता मारुतीचं इंजिन घ्या. ७९६ सीसी, ३ सिलिंडर, मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर सुमारे ३७ हॉर्सपॉवर. पाच फुटी पंखा थेट क्रँकवर बसवून ५,००० वर फिरवला, तर पात्याचं टोक सेकंदाला ४०० मीटर वेगाने जाईल. ध्वनीचा वेगच ३५० मीटरच्या आसपास असतो. टोक त्याच्या जवळ जरी गेलं तरी ओढ ढासळते, आवाज कान फाडतो, आणि पातं तो ताण सोसेलच याचा भरवसा राहत नाही. बरं, फेरे २,५०० वरच ठेवले तर टोकाचा वेग २०० मीटरवर येतो, पण त्या फेऱ्यांना हे इंजिन जेमतेम २० हॉर्सपॉवर देतं. म्हणून मध्ये फेरे कमी करणारा गिअर किंवा बेल्ट लागतोच. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं ९१२ हे विमानासाठीच घडवलेलं इंजिन पाहा. त्याच्या ८० हॉर्सपॉवरच्या प्रकारात इंजिन ५,८०० वर फिरतं आणि २.२७ च्या गिअरमुळे पंखा २,५५० च्या आसपास राहतो.

हा मधला दुवाच माझ्या मते सगळ्यात घातकी. साकोलीकडच्या एका शेडमध्ये पोरांनी इंजिन लोखंडी सांगाड्यावर बसवलं होतं. वजन वाचवायला फ्लायव्हील काढलं होतं, आणि पंख्याची चकती रबरी कपलिंगच्या प्लेटला वेल्ड केली होती. इंजिन संथ चालत होतं तोवर सगळं ठीक. थोडा थ्रॉटल दिला की एका ठरावीक टप्प्यावर सांगाडा थरथरायचा, पुढे गेलं की शांत व्हायचा. पोरं म्हणाली, "तेवढं पटकन पार करून टाकतो." मी इंजिन बंद करायला लावलं. कपलिंगखाली रबराची काळी भुकटी पडली होती. प्लेट उतरवून केरोसिनने पुसली, कोरडी केली, वर खडूची पूड लावली. काही वेळाने पांढऱ्या पुडीवर वेल्डच्या कडेने ओली रेघ उमटली. केसाएवढी भेग, नुसत्या डोळ्याला दिसलीच नसती.

तीन सिलिंडरच्या या इंजिनात दोन फेऱ्यांना तीन धक्के बसतात. ते धक्के गिळायला कारखान्याने फ्लायव्हील दिलेलं असतं. ते काढून पुढे लांब, जड पातं लावलं की मधला शाफ्ट पीळ खात-सोडत राहतो. पंख्याची ओढ आणि वळताना पडणारा ताण सोसायलाही कारचा क्रँक केलेला नाही. पंख्याला स्वतःचा शाफ्ट आणि बेअरिंग द्या, त्याचा भार क्रँकवर येऊ देऊ नका. आणि थरथर कुठल्या फेऱ्यांना येते ते लिहून ठेवा. तो टप्पा पटकन पार करणं हा उपाय नाही. कपलिंग बदला, नाहीतर दुवाच नव्याने करा.

हे जीव तोडून सांगतो, कारण फुलसावंगी आपल्यापासून फार लांब नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या गावच्या तरुण कारागिराने मारुती ८०० च्याच इंजिनावर हेलिकॉप्टर बांधलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत मागच्या पंख्याचं पातं तुटलं, मुख्य पंख्यावर आदळलं, आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. त्याच्या हातात कसब होतं, जिद्द होती. असा पोरगा गेला याचं दुःख मला अजून आहे. विमान-अपघातात गेलेला जगातला पहिला प्रवासीही पंख्यामुळेच गेला. १७ सप्टेंबर १९०८ रोजी ऑर्व्हिल राइटच्या विमानाचा पंखा चिरला आणि लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज दगावला. म्हणून चाचणीत पंखा फिरतो त्या रेषेत, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना, कोणीही उभं राहायचं नाही. तुटलेलं पातं त्याच रेषेत सुटतं.

इंजिन घेताना आपला उन्हाळा हिशेबात धरा. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण समुद्रसपाटीपासून १,३०० मीटर उंचावर आहोत असंच वाटतं. इंजिनाची ताकद सुमारे १२ टक्क्यांनी घटते, पंख्याची पकड कमी होते, पंखांची उचलही. कागदावर जेमतेम पुरणारं इंजिन इथे दुपारी पुरत नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? वजनाला टू-स्ट्रोक हलकं, हे खरं. रोटॅक्सचं ५८२ साधारण ६४ हॉर्सपॉवर देतं. पण ते ३०० तासांना पूर्ण उघडावं लागतं, आणि हे इंजिन अचानक बंद पडू शकतं, असा इशारा कंपनीच आपल्या पुस्तिकेत देते. टू-स्ट्रोक घेतलं तर प्रत्येक क्षणी खाली उतरायला मोकळी जागा हवी. आपल्याकडे धानाच्या बांध्या, खाली चिखल आणि दर थोड्या अंतरावर धुरा. माझं मत फोर-स्ट्रोककडे आहे. आणि पेट्रोल: पंपावर आज मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देते. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि पावसाळ्यात टाकीत राहिलेलं पेट्रोल खाली पाणी सोडू शकतं. इंजिनाला कोणतं इंधन चालतं हे विकत घेण्याआधी विचारा.

पंखा घरी कोरायचा मोह होतो, कारण आपल्याकडे सागवान चांगलं मिळतं. पण सागात तेल असतं, त्यामुळे थर नीट चिकटत नाहीत, आणि लाकडी पंखा म्हणजे चिकटवलेले थरच. पहिल्या विमानाला तयार, माहीतगाराने बनवलेला पंखा घ्या. जमिनीवर पिच, म्हणजे पात्याचा कोन, बदलता येणारा असेल तर आणखी बरं. काटा लावून ओढ मोजा, फेरे मोजा, एकेक अंश बदलून पाहा. लाकडी पंखा असेल तर पावसाळ्यात हब फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. हंगाम पालटला की बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

आणि डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, आधी जा, विमान तयार झाल्यावर नको. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि उडवण्याचा परवाना २०१९ मध्ये, तेही स्वतः वैमानिक असून. त्यांनी काय काय कागद दिले, हे इंजिनाची बयाणा रक्कम देण्याआधी समजून घ्या. विमानासाठी घडवलेलं, कागदपत्रं असलेलं इंजिन महाग पडतं. ते पैसे जमेपर्यंत थांबा, आणि तोवर उडवणं एखाद्या फ्लाइंग क्लबमध्ये शिका.