सातबाऱ्यावर तिचे नाव
ग्रामीण स्त्रीच्या आर्थिक बळाचा पाया

आपल्या खेड्यापाड्यांतील शेतीच्या कामांची यादी केली तर त्यांपैकी बरीच कामे स्त्रीच्या हातची आहेत, असे दिसून येईल. बियाणे निवडून ठेवणे, भाताची लावणी, निंदणी-खुरपणी, कापसाची वेचणी, कापणी, मळणी, धान्याची साठवण, गुराढोरांची निगा ही कामे ती पिढ्यान् पिढ्या करीत आली आहे. तथापि, 'शेतकरी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो आणि सरकारी दप्तरातही बहुधा त्याचेच नाव असते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते आणि त्यांच्याकडील क्षेत्र एकूण क्षेत्राच्या १२ टक्क्यांहून कमी होते. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, अशी ही विषम स्थिती आहे.

नावाचे महत्त्व काय?

जमीन घरातच आहे, मग नाव कोणाचे याने काय बिघडते, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर व्यवहारात शोधले पाहिजे. सहकारी सोसायटीचे पीककर्ज, बँकेचे किसान क्रेडिट कार्ड, विहीर वा ठिबक सिंचनाचे अनुदान, अतिवृष्टी किंवा गारपिटीची नुकसानभरपाई, हमीभाव केंद्रावरील विक्री या बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न सातबारा उताऱ्याचा असतो. ज्याचे नाव उताऱ्यावर, तो शेतकरी. जिचे नाव नाही, ती आयुष्यभर राबूनही कागदोपत्री शेतकरी ठरत नाही.

घरचा कर्ता पुरुष अचानक गेला म्हणजे या उणिवेची खरी झळ बसते. पेरणी तोंडावर आलेली असते, मुले लहान असतात आणि जमीन मयताच्या, सासऱ्यांच्या किंवा थोरल्या दिरांच्या नावे असते. नवे कर्ज मिळत नाही आणि हिस्सा मागावा तर भाऊबंदकी उभी राहते. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या कित्येक भगिनींनी हा अनुभव घेतला आहे. त्यांना सहानुभूती पुष्कळ मिळते, पण उभे राहण्यासाठी त्यांना उताऱ्यावरील नावाचा आधार हवा असतो.

बचत गटांनी या क्षेत्रात मोठे कार्य केले आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे 'उमेद' अभियान यांच्या द्वारे असंख्य स्त्रिया बँकेच्या दारापर्यंत पोहोचल्या. गटाच्या कर्जातून शेळी, कुक्कुटपालन, पिठाची गिरणी उभी राहते. परंतु शेतीत विहीर, पाइपलाइन, फळबाग अशी दीर्घ मुदतीची गुंतवणूक करावयाची तर जमिनीच्या हक्काला पर्याय नाही.

कायद्याची वाटचाल

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ मध्ये झाला. त्याने विधवा, मुलगी व आई यांना मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गातील वारस मानले आणि स्त्रीला मिळालेल्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. मात्र वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींनाही हा हक्क दिला, पण त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्ती अमलात आली आणि विवाहित-अविवाहित हा भेद नाहीसा झाला. वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र या दुरुस्तीने बाधा येत नाही.

एक सोपे उदाहरण घेऊ. एका हिंदू शेतकऱ्याने स्वतः खरेदी केलेली चार एकर जमीन आहे. मृत्युपत्र न करता तो मरण पावला. मागे आई, पत्नी, एक मुलगा व एक विवाहित मुलगी आहे. अशा वेळी चौघांचा वाटा समान, म्हणजे प्रत्येकी एक एकर होतो. 'मुलगी दिल्या घरी गेली', 'म्हातारीला जमीन कशाला' या सबबींना कायद्यात स्थान नाही.

मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी समाजांना त्यांचे त्यांचे वारसा कायदे लागू आहेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम अनुसूचित जमातींना सामान्यतः लागू होत नाही. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित दावेदाराला मिळणारा वनजमिनीचा हक्क पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावे नोंदविणे बंधनकारक आहे. आदिवासी भागातील ग्रामसभांनी याकडे लक्ष पुरविले पाहिजे.

लक्ष्मीमुक्तीचा धडा

या प्रश्नावर महाराष्ट्रात एक वेगळा प्रयोग झाला. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे विशाल अधिवेशन भरविले. त्यानंतर काही वर्षांतच श्री. शरद जोशी यांनी शेतकऱ्यांना आवाहन केले की, घरच्या लक्ष्मीचे ऋण मान्य करून प्रत्येकाने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा. ज्या गावात शंभर किंवा त्याहून अधिक कुटुंबे असे करतील, ते 'लक्ष्मीमुक्ती गाव' म्हणून गौरविले जाई. जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारखी गावे या चळवळीत पुढे आली. १९९२ मध्ये शासनानेही पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची तरतूद केली.

या प्रयोगाचा धडा असा की, गावाने एकत्र येऊन निर्णय घेतला म्हणजे जे एकट्याला संकोचाचे वाटते, ते सर्वांना भूषणाचे वाटू लागते.

नोंद कशी होते?

खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा. सोबत मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे नमूद केलेले प्रतिज्ञापत्र द्यावे. गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद होऊन पुढे नमुना ६ मध्ये फेरफार लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात व सातबाऱ्यावर नावे येतात. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते व सुनावणी होते. मंडळ अधिकाऱ्यांचा निर्णय मान्य नसल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर हाती घेतली.

या प्रक्रियेत तीन ठिकाणी स्त्रीचे नाव गळते, असा अनुभव आहे. पहिले ठिकाण वारसांच्या यादीचे. तीत मुलींची, विशेषतः लग्न झालेल्या मुलींची, नावे लिहिलीच जात नाहीत. दुसरे, एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणजे 'ए.कु.मॅ.' या नात्याने थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागते, किंवा विधवेचे नाव मालकीऐवजी 'इतर अधिकार' या रकान्यात ढकलले जाते. तिसरे ठिकाण हक्कसोडपत्राचे. माहेर तुटेल या भीतीने बहिणी सही करतात. स्वखुशीने हक्क सोडण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र असे पत्र नोंदणीकृत असावे लागते आणि काय सोडले जात आहे, याची पूर्ण जाणीव सही करणारीला असली पाहिजे. चहाच्या कपाबरोबर पुढे केलेल्या कागदावर घेतलेली सही ही स्वखुशी म्हणता येणार नाही. भाऊ-बहिणीचे प्रेम एवढे तकलादू नसावे की ते एका एकराने तुटावे.

आपण काय करू शकतो?

ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी सातबाऱ्याचे चावडीवाचन घडवून आणावे. कोणत्या मयतांची नावे अद्याप आहेत व कोणत्या विधवांची नावे लागलेली नाहीत, याची यादी तेथेच तयार व्हावी. घरांच्या नोंदीतही पती-पत्नी दोघांची नावे असावीत. महसूल कर्मचाऱ्यांनी वारसांची चौकशी करताना 'मुली किती?' हा प्रश्न आवर्जून विचारावा व स्त्री वारसांशी प्रत्यक्ष बोलावे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरचा उतारा वाचून घ्यावा. भोगवटादार कोण, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, हे ज्या मुलीला शाळेत वाचता आले, तिला पुढे कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही. कृषी सहायकांनी शिवारफेरी व प्रशिक्षणाची वेळ स्त्रियांच्या सोयीची ठेवावी.

स्त्रीच्या हाती निर्णय आला म्हणजे शेती कशी बदलते, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता देशी वाणांची बीजपेढी उभी केली आणि २०२० च्या पद्मश्री सन्मानाच्या त्या मानकरी ठरल्या. लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेरणेने स्त्रियांनी घरच्या जमिनीपैकी एखादा एकर मागून घेतला आणि त्यावर कमी पाण्यात कडधान्ये, तृणधान्ये व भाजीपाला पिकविला. दुष्काळात नगदी पीक वाळले, तरी घरच्या चुलीला या तुकड्याने आधार दिला.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून घोषित केले आहे. अशा वर्षांत सभा-समारंभ होतात, फलक लागतात आणि वर्ष संपताच ते उतरविलेही जातात. सातबाऱ्यावर रीतसर लागलेले नाव मात्र कायम राहते. आपल्या गावातील अशा किती उताऱ्यांवर घरच्या लक्ष्मीचे नाव आहे, हे प्रत्येक लोकप्रतिनिधीने व कर्मचाऱ्याने एकदा मोजून पाहावे. कार्याचा आरंभ त्या मोजणीपासूनच होईल.