मानेवरचा तो मळ नव्हे

आई-बाबांनो, लेकीच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा दिसला की आपल्याकडे आधी बेसन-दही निघतं. पाठोपाठ "अंघोळ नीट करत जा गं" हे ऐकवणंही आलंच. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींची मान घासून घासून सोललेली असते. तो मळ नसतोच. बहुतेक वेळा रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते. काखेतही दिसते.

त्याच मुलीची पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस उगवतात. मग सोनोग्राफी होते, 'गाठी आहेत' असं कानावर पडतं आणि घराचं धाबं दणाणतं. त्या गाठी नव्हेत, अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या पुटकुळ्या असतात. कोवळ्या वयात त्या निरोगी मुलींतही दिसतात. म्हणूनच 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून या त्रासाचं, म्हणजे पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), निदान करायचं नाही.

खरी गोम रक्तात आहे. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं. साखर आटोक्यात राहते, पण हे जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन बनवायला डिवचत राहतं. त्यातच यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवू लागतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं दावंच ते. ते तुटलं की हार्मोन मोकाट. त्यामुळे कधी रिपोर्टात एकूण टेस्टोस्टेरॉन हद्दीत दिसतं आणि हनुवटीवर केस मात्र असतातच.

फसगत होते ती साखरेच्या आकड्याने. उपाशीपोटी 88 आली, "शुगर नॉर्मल आहे डॉक्टर!" आहे ना. पण ती तशी ठेवायला स्वादुपिंड किती राबतंय, ते त्या 88 मध्ये दिसत नाही. म्हणून 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. तेव्हा साखर 140 च्या आत हवी. 140 ते 199 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. फास्टिंग इन्सुलिन, होमा वगैरे पॅकेजं लॅबवाले हौसेने विकतात; पण ते आकडे लॅबगणिक बदलतात आणि नेहमीच्या उपचारासाठी त्यांची शिफारसही नाही. तो पैसा वाचवा.

"आमची तर काडी आहे, तिला कसलं इन्सुलिन?" असं म्हणू नका. बारीक मुलींनाही हे होतं. आणि ज्यांचं वजन जास्त आहे त्यांना जेवताना टोमणे मारून ते उतरत नाही. इन्सुलिनच खोडा घालत असतं. घरात सगळ्यांच्याच ताटातला भात थोडा कमी, डाळ-उसळ थोडी जास्त, आणि तिच्याबरोबर तुम्हीही चालायला निघालात, तर फरक पडतो. 'लग्न झालं की होईल नीट' हे औषध मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटली आणि तरी दोन पाळ्यांत 35 दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, किंवा पहिल्या वर्षानंतर एकदा जरी दोन पाळ्यांत 90 दिवसांहून जास्त अंतर पडलं असेल, तर तिला घेऊन या. आणि "घरात डायबेटिस कुणाला?" हा प्रश्न मी विचारते तेव्हा त्याचं उत्तर पुष्कळदा बाहेर बाकावर मोबाईल बघत बसलेलं असतं. या खेपेला बाबांनीही आत यावं.