आजच्या देहाचे माप

प्रस्तावना

थंडी पडली की जुना मार डोके वर काढतो, असे जाणती माणसे सांगतात. कुणाचा गुडघा वर्षानुवर्षे कुरकुरतो, कुणाची कंबर वाकताना धरते, कुणाचा खांदा हात वर नेऊ देत नाही. अशा दुखापती पुरत्या बऱ्या होत नाहीत आणि माणसाला अंथरुणालाही खिळवत नाहीत; त्या सोबतीला राहतात. एके काळी हौसेने वजने उचलणाऱ्या माणसाला मग प्रश्न पडतो: पुन्हा व्यायामशाळेची पायरी चढावी की नाही? चढलीच, तर सुरुवात कोठून करावी? प्रस्तुत पाठात आपण या प्रश्नांचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• कष्टाचे ओझे आणि व्यायामाचे वजन यांतील फरक सांगता येईल;
• क्रमशः भार वाढवण्याची पद्धत उदाहरणासह स्पष्ट करता येईल;
• दुखापतीसह वाटचाल करणाऱ्या खेळाडूंच्या अनुभवांचा अर्थ लावता येईल;
• वेदनेच्या निरनिराळ्या सूचना ओळखता येतील.

मूळ पाठ

१. ओझे आणि वजन

बंगळुरू शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर देवनहळ्ळी हे गाव आहे. तेथील किल्ल्यामुळे आणि टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून ते इतिहासात प्रसिद्ध आहे. तालुक्यातील कोयरा परिसराचा दगड बांधकामासाठी नावाजलेला आहे. आसपास द्राक्षांच्या बागा आहेत. २००८ साली बंगळुरूचा नवा विमानतळ देवनहळ्ळीजवळ सुरू झाला आणि या भागात इमारती, गोदामे व रस्ते यांची कामे वाढली. दगडाच्या फाड्या, द्राक्षांच्या पेट्या, सिमेंटची पोती, प्रवाशांचे सामान – यंत्रे कितीही आली तरी शेवटचा हात माणसालाच लावावा लागतो. म्हणून अशा गावात कंबरदुखी हा कुणा एकाचा खाजगी विषय राहत नाही. घराची चूल त्या कमरेवर अवलंबून असते.

कन्नड मुलखात तालमीला 'गरडी मने' म्हणतात. आपल्याकडील तालमीप्रमाणेच तेथेही अंग मेहनतीने घडवण्याची जुनी परंपरा आहे. समजा, एकच माणूस दिवसा पाठीवर पोते घेतो आणि सायंकाळी तालमीत मुद्गल फिरवतो. दोन्ही ठिकाणी तो भारच उचलतो. मग फरक कोठे आहे?

सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. आज कंबर दुखते आहे म्हणून ते ४० किलोचे होत नाही. कष्टाचे ओझे कामावरून ठरते. त्याला माणसाच्या दुखण्याची दखल नसते. व्यायामाचे वजन मात्र आपण स्वतः ठरवतो. ते किती असावे, किती वेळा उचलावे, कधी थांबावे, हे सारे आपल्या हाती असते. हेच स्वातंत्र्य दुखापत झालेल्या माणसाचे खरे औषध आहे. परंतु पुष्कळ माणसे ते वापरत नाहीत. काही जण भीतीने हालचालच सोडतात. हालचाल थांबली की स्नायू रोडावतात, सांधे आखडतात आणि दुखऱ्या भागाचा आधारच नाहीसा होतो. याउलट काही जण थोडे बरे वाटताच पूर्वीच्याच वजनाला हात घालतात व पुन्हा दुखावतात. पहिला आजचा देह विसरतो, कारण तो कालच्या दुखण्यात अडकलेला असतो. दुसरा तो विसरतो, कारण तो कालच्या ताकदीत अडकलेला असतो.

२. रुग्णालयात घडलेली पद्धत

आज जगभरच्या व्यायामशाळांत वजन क्रमाक्रमाने वाढवण्याची जी रीत पाळली जाते, तिला शास्त्रीय रूप मिळाले ते एका लष्करी रुग्णालयात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील शिकागो येथील गार्डिनर रुग्णालयात जखमी सैनिकांची गर्दी झाली होती. अस्थिभंग आणि गुडघ्याच्या दुखापती यांमुळे अनेकांच्या मांड्या सुकल्या होत्या. तेव्हाची रीत अशी की, अशा सैनिकांना हलका व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावायचे. तेथील तरुण डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी वेगळा मार्ग धरला. किशोरवयात संधिवाताच्या तापाने ते स्वतः अंथरुणाला खिळले होते आणि पुढे वजने उचलूनच त्यांनी शरीर सावरले होते. त्यांनी सैनिकांच्या पायांना लोखंडी बूट बांधून, मोजलेले वजन उचलायला लावले आणि ताकद येईल तसतसे ते वाढवत नेले. १९४५ साली त्यांनी या पद्धतीवरील लेख प्रसिद्ध केला. पुढे १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ती अधिक सुटसुटीत केली.

ही पद्धत समजण्यास सोपी आहे. जे वजन नीट रीतीने जास्तीत जास्त १० वेळा उचलता येते, ते आपले आजचे माप. समजा, हे माप १२ किलो आहे. तर पहिल्या फेरीत त्याचे निम्मे, म्हणजे ६ किलो, १० वेळा उचलायचे. दुसऱ्या फेरीत पाऊणपट, म्हणजे ९ किलो, १० वेळा. तिसऱ्या फेरीत पूर्ण १२ किलो, १० वेळा. काही दिवसांनी माप पुन्हा तपासायचे आणि ते वाढले असेल तरच वजन वाढवायचे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या हिशेबात 'पूर्वी किती उचलत होता?' हा प्रश्नच नाही. दुखापतीपूर्वी ४० किलो उचलणाऱ्या माणसाचे आजचे माप १२ किलो असेल, तर त्याचा हिशेब १२ वरूनच सुरू होतो. ४० हा आकडा त्याने आठवणीत जरूर ठेवावा. मात्र त्याला मापदंड करू नये.

पाठगत प्रश्न १
(अ) कष्टाचे ओझे आणि व्यायामाचे वजन यांत कोणता फरक आहे?
(आ) आजचे माप १६ किलो असल्यास तीन फेऱ्यांची वजने किती होतील?

३. स्नायू पुढे, कंडरा मागे

पुन्हा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढल्यासारखी वाटते. त्याचे कारण असे की, मेंदू व मज्जातंतू आधीच्याच स्नायूंकडून अधिक चांगले काम करून घ्यायला शिकतात. त्यानंतर स्नायू भरू लागतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. म्हणजे दंड आणि मांडी 'आता वाढव' असे सांगत असतात, तेव्हा कोपराची व गुडघ्याची कंडरा अजून मागेच असते. उत्साहाच्या या टप्प्यावरच अनेकांची जुनी दुखापत पुन्हा उसळते. यासाठी शक्य वाटत असतानाही वजन थोडेथोडेच वाढवणे, हा भित्रेपणा नसून हिशेबीपणा आहे.

४. दोष शोधून वाट काढणे

मणिपूरच्या मीराबाई चानू यांनी २०१७ साली अनाहाइम येथे भारोत्तोलनाचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर कंबरेच्या दुखण्याने त्यांना गाठले आणि त्या वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धेला त्यांना मुकावे लागले. विश्रांती घेतली की आराम पडे. भार वाढला की दुखणे परत येई. २०२० साली त्या अमेरिकेत एका भौतिकोपचारतज्ज्ञाकडे गेल्या. तेथे केवळ दुखऱ्या जागेकडे न पाहता त्यांच्या उचलण्याच्या संपूर्ण क्रियेकडे पाहिले गेले आणि स्नायूंतील असमतोल दूर करण्याचे व्यायाम देण्यात आले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथे त्यांनी क्लीन अँड जर्क प्रकारात ११९ किलो उचलून जागतिक विक्रम केला. २४ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात एकूण २०२ किलो वजन उचलून त्यांनी रौप्यपदक मिळवले.

ही कथा येथेच संपली असती, तर ती चमत्कारासारखी वाटली असती. परंतु २०२३ च्या आशियाई स्पर्धेत कमरेच्या सांध्याला दुखापत झाल्याने त्यांचे पदक हुकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्या चौथ्या आल्या आणि २०२५ च्या जागतिक स्पर्धेत ४८ किलो गटात १९९ किलोंसह त्यांनी पुन्हा रौप्यपदक जिंकले. दुखापतीवर एकदाच विजय मिळवायचा नसतो. तिच्याशी दर वर्षी नव्याने हिशेब मांडावा लागतो.

५. वाट बदलणे

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ई. एम. ई. दलात होते व मुष्टियोद्धे म्हणून नाव मिळवत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी कण्यात अडकून राहिली आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मुष्टियुद्धाचा रस्ता बंद झाला. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार घेताना व्यायाम म्हणून ते पोहू लागले. पाण्यात देहाचा भार हलका होतो आणि हातांना मात्र पाण्याच्या अवरोधाशी झुंजावे लागते. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैलीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवून भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

परतणे म्हणजे त्याच जागी परतणे असे नव्हे, हे पेटकरांच्या जीवनातून कळते. एखाद्या गुडघ्याला खोल बैठका कधीच सोसणार नाहीत. पण खुर्चीवरून उठणे-बसणे सोसेल. एखादा खांदा डोक्यावर वजन नेऊ देणार नाही. पण छातीपर्यंत ओढू देईल. बंद दारावर डोके आपटत बसण्यापेक्षा उघडे दार शोधणे शहाणपणाचे.

पाठगत प्रश्न २
(अ) मीराबाई चानू यांच्या उपचारात दुखऱ्या जागेखेरीज कशाकडे लक्ष दिले गेले?
(आ) पेटकरांनी मुष्टियुद्धाऐवजी पोहण्याचा मार्ग का स्वीकारला असावा?

६. वेदनेची भाषा

३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर यांनी ५५ किलो गटात भारताला त्या स्पर्धेतील पहिले पदक मिळवून दिले. स्नॅच प्रकारात ११३ किलो व क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलल्यावर १३९ किलोंच्या प्रयत्नात त्यांच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. तरीही त्यांनी १४१ किलोंचा अखेरचा प्रयत्न केला. तो साधला नाही. त्यांचे एकूण वजन २४८ किलो झाले आणि सुवर्णपदक मलेशियाच्या खेळाडूने २४९ किलोंसह जिंकले. एका किलोसाठी दुखऱ्या हाताने उभे राहण्याचा निर्णय आयुष्यात एकदाच येणाऱ्या क्षणी खेळाडू घेतो. आपल्या रोजच्या व्यायामात असा क्षण नसतो. आज राहिलेली फेरी उद्याही करता येते.

म्हणून वेदना काय सांगते, ते ऐकायला शिकावे. व्यायामानंतर स्नायूंत जाणवणारा आणि दोन-तीन दिवसांत ओसरणारा ठणका स्वाभाविक असतो. जुन्या जागी हलकी कळ आली, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती नेहमीच्या पातळीवर आली, तर भार सोसला असे समजावे. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले असेल किंवा सांधा सुजला असेल, तर भार जास्त झाला. तो कमी करावा. सुरीसारखी तीव्र कळ येताच तत्काळ थांबावे. पाय बधिर होणे, पायातील बळ जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळी घेऊन वजन उचलणे म्हणजे राखणदाराला झोपवून दार उघडे ठेवणे होय.

७. परतीचा क्रम

प्रथम डॉक्टरांकडून किंवा भौतिकोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे आणि कोणती हालचाल वर्ज्य आहे ते विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवले आहेत. दीर्घकालीन आजार किंवा अपंगत्व असलेल्यांनाही आपल्या शक्तीनुसार ही सूचना लागू आहे. व्यायामशाळेचे शुल्क परवडत नसेल तरी अडत नाही. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते. मुठीचा ५ लिटरचा डबा घेतला, तर पाणी कमी-जास्त करून हवे ते वजन तयार होते. जे स्वातंत्र्य सिमेंटच्या पोत्यात नाही, ते या साध्या डब्यात आहे.

शेवटी, एक वही ठेवावी. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, आणि दुसऱ्या सकाळचे दुखणे, एवढ्या पाच नोंदी पुरेत. महिनाभराने ती वही वाचली की आपला देह काय सोसतो, हे कुणाला विचारावे लागत नाही.

तुम्ही काय शिकलात?

• ओझे कामावरून ठरते. व्यायामाचे वजन देहावरून ठरवता येते.
• सुरुवात पूर्वीच्या ताकदीवरून नव्हे, आजच्या मापावरून करावी.
• स्नायूंपेक्षा कंडरा सावकाश बळकट होतात; म्हणून भार हळूहळू वाढवावा.
• एक हालचाल बंद झाली तरी दुसरी शोधता येते.

शब्दार्थ

कंडरा – स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा
भारोत्तोलन – वजन उचलण्याचा क्रीडाप्रकार
भौतिकोपचार – व्यायाम, शेक इत्यादींनी केला जाणारा उपचार
अवरोध – अडथळा, विरोध
मुद्गल – फिरवून व्यायाम करण्याचे लाकडी साधन

पाठान्त प्रश्न

१. 'पहिला आजचा देह विसरतो, कारण तो कालच्या दुखण्यात अडकलेला असतो' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. डीलॉर्म यांची पद्धत स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. 'परतणे म्हणजे त्याच जागी परतणे असे नव्हे.' पाठातील उदाहरण देऊन चर्चा करा.
४. तुमच्या कामात रोज किती व कोणता भार उचलावा लागतो, याची आठवडाभर नोंद करा. त्यांतील कोणता भार कमी करता येईल, यावर दहा ओळी लिहा.