पायातलं वजन

हिंगणा, नागपूर
६ डिसेंबर

चि. शर्वरीस,


तुझा मेसेज वाचला. एक स्की हजार ग्रॅमच्याही आत, म्हणून ती जोडी तू जवळजवळ ठरवलीस. पैसे भरायच्या आधी माझं ऐकून घे.

हलक्या स्कीची ओढ मला समजते. गोंडोलात बसून वर जाणाऱ्याला वजनाचं सोयरसुतक नसतं. तू मात्र स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे केसाळ पट्टी, चिकटवून स्वतःच्या दमावर चढणार. पायातलं ओझं पाठीवरच्या ओझ्याहून कितीतरी जास्त दमवतं, आणि आपण जेमतेम ३१० मीटरवर राहणारी माणसं. गुलमर्गला, सुमारे २,६५० मीटरवर, नुसतं चालतानाही धाप लागते. पण चढताना स्की उचलायची नसते, बर्फावरून पुढे सरकवायची असते. दोनशे-तीनशे ग्रॅम जास्त असले तरी तू चढशील. तेवढेच कमी असले, तर उतरताना हाल होतील.

कोर्स तू गुलमर्गच्या संस्थेत केलास, तो दाबून सपाट केलेल्या उतारावर. बाहेरचा बर्फ तसा नसतो. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या माथ्याकडे, ३,९०० मीटरच्या आसपास, वाऱ्याने थापलेला टणक थर. थोडं खाली सावलीत कोरडा, भुसभुशीत. त्याच्यासाठीच लोक तिथे येतात. खाली बाबा रेशी गावाच्या बाजूने रानात उतरलीस की दुपारी ओला आणि जड. सगळ्यात वाईट तो उन्हात वितळून रात्री गोठलेला पापुद्रा. वरून घट्ट दिसतो, भार पडताच फुटतो, आणि फार हलक्या स्कीचं टोक त्यात सापडलं की भलतीकडे वळतं. हे सगळं एकाच उतरणीत भेटू शकतं.

एमआयडीसीतल्या शेडमध्ये तू लहानपणापासून लेथ पाहिलास. त्याचा बेड ओतीव लोखंडाचा, अवजड असतो. मशीन हलकं असलं की टूल थरथरतं आणि जॉबवर चॅटरच्या रेघा उठतात. निव्वळ वजन कमी करायला बनवलेल्या स्कीचं टणक बर्फावर हेच होतं: कड धरत नाही, आणि थरथर सगळी थकलेल्या मांड्यांनी सोसायची.

तेव्हा एका स्कीचं वजन १,२५० ते १,४५० ग्रॅम चालेल. स्कीच्या कमरेशी, म्हणजे मधल्या अरुंद भागात, रुंदी ८८ ते ९५ मिलिमीटर, टोक जरा वर उचललेलं, पायाखाली कमान, गाभा लाकडाचा. शंभरच्या वरची रुंदी भुसभुशीत बर्फात मजा देते, पण टणक उतारावर आडवं चढताना कडेवर उभं राहणं अवघड करते. लांबी तुझ्या उंचीइतकी, फार तर पाच सेंटीमीटर कमी.

वजन वाचवायचं तर बाइंडिंगमध्ये वाचव. फ्रिट्झ बार्थेल या ऑस्ट्रियन माणसाने १९८०च्या दशकात बुटाला पिनांनी धरणारं बाइंडिंग काढलं, आणि जुनी जड चौकट गेली. फक्त शर्यतीसाठीची सगळ्यात हलकी घेऊ नकोस. त्यातल्या बऱ्याचशांत पाय सुटण्याचा जोर कमीजास्त करता येत नाही. गुडघा तुझा आहे. स्किन मोहेर आणि नायलॉनच्या मिश्रणाची घे, आणि सकाळच्या गोठलेल्या चढासाठी स्की-क्रॅम्पॉन.

बजेट एवढ्यात संपत असेल, तर यंदा स्की भाड्याने घे आणि आधी गाडलेल्याला शोधायला ट्रान्सीव्हर आणि प्रोब, खणायला फावडं विकत घे. याच अफरवटवर १ फेब्रुवारी २०२३ला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर गेले आणि २२ फेब्रुवारी २०२४ला एक रशियन. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर वाचायची आशा मोठी असते, पुढे ती झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात खणणारा तुझा जोडीदारच असणार, म्हणून ही तिन्ही त्याच्याकडेही हवीत. त्याला आजच विचार.

बूट पायात घालून बघ, आणि त्याच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये मला कळव. बाइंडिंगची भोकं त्याच मापाने पाडतात.

तुझा,
मामा