गर्भाशयमुखाचा कर्करोग : त्याची चाल व त्याचें भवितव्य

कर्करोगाचें नांव निघतांच आमच्या रोहण्यासारख्या गांवीं आवाज आपोआप खालीं येतो, आणि रोग स्त्रियांचा असेल तर बोलणेंच थांबतें. शाळेच्या अंकांत हा विषय कशाला, असें कांहीं पालकांस वाटेल. परंतु या मौनाचा भुर्दंड घरांतील आईसच भरावा लागतो, म्हणून आम्ही तो येथें घेत आहोंत.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमींच मानवी पॅपिलोमा नांवाच्या विषाणूमुळें होतो. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउसेन यांस या शोधाबद्दल २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु शरीरसंबंधानें पसरतो. पण तेवढ्यावरून कोणाच्या शीलाविषयीं शंका घेणें शुद्ध अज्ञान होय. बहुतेक स्त्रीपुरुषांस तो केव्हां तरी गांठतोच, आणि बहुधा दोन वर्षांच्या आंत शरीर त्याला हुसकून लावतें. थोड्या स्त्रियांत मात्र तो ठाण मांडून बसतो, पेशी हळूहळू बिघडत जातात आणि कर्करोग होण्यास बहुधा १५ ते २० वर्षें लागतात. इतका अवधि देणारा शत्रु विरळाच! पण या काळांत कांहींच दुखत नाहीं. अवेळीं रक्तस्राव होऊं लागतो तेव्हां रोग पुष्कळदां पुढें गेलेला असतो, आणि तेव्हांहि ‘वयाप्रमाणें होत असेल’ म्हणून महिने लोटले जातात. पहिल्या अवस्थेंत उपचार झाल्यास पांच वर्षांनंतर १०० पैकीं सुमारें ८० ते ९० स्त्रिया हयात असतात. रोग दूरच्या अवयवांत पोंचल्यावर ही संख्या २० च्याहि खालीं जाते.

मधल्या वर्षांत रोग धरतां येतो, हें मराठवाड्यांतील खेड्यांनींच जगाला दाखविलें. तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत १९९९ सालापासून बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानें मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रादिकांच्या साह्यानें ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटाची विषाणूसाठीं एकदांच तपासणी झाली व दोष आढळला तेथें उपचार झाले. आठ वर्षांत त्या गटांत या रोगानें ३४ मृत्यु झाले. तपासणी न झालेल्या, किंचित् लहानच अशा दुसऱ्या गटांत ६४.

मुलींसाठीं आतां लसहि आहे. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लशीस २०२२ सालीं मान्यता मिळाली. संसर्गापूर्वीं, म्हणजे ९ ते १४ या वयांत, ती उत्तम लागू पडते. आईचें काम मात्र तिनें भागत नाहीं. तिला तपासणीच हवी. वर्ध्याजवळ सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय आहे. तपासणीस कांहीं मिनिटें लागतात, भूल द्यावी लागत नाहीं, आणि कापसाची वेंचणी आटोपल्यावर तेवढा एक दिवस निघूं शकतो.