आवाज केव्हा येतो, ते आधी विचार

चि. भाचेबुवांस,


राजुऱ्यात गडचांदूरच्या रस्त्याला दुचाकींचं गॅरेज टाकणाऱ्याकडे गिऱ्हाइकांची वानवा नसते. सिमेंट कारखान्याची पाळी गाठणारे, सास्तीच्या कोळसा खाणीत जाणारे, जिवतीच्या डोंगरावरून बाजाराला उतरणारे, साऱ्यांची तक्रार ठरलेली, "गाडी आवाज करते." हल्ली तिच्यावरचा तोडगाही ठरलेला असतो: "महागाचं पेट्रोल टाकून पाहा." महिनाभर जास्तीचे पैसे मोजले जातात आणि आवाज होता तिथेच राहतो. तुझ्या गॅरेजात हा सल्ला ऐकू येऊ नये, एवढ्यासाठी मामाचं हे पत्र.

जाणता मिस्त्री आवाज कसा येतो हे मागाहून विचारतो. केव्हा येतो हे आधी. गिऱ्हाईक तोंडाने आवाजाची नक्कल करतं तेव्हा टॅपेटही टकटक करतं आणि कनेक्टिंग रॉडही. पण सकाळी येतो की गाडी तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, याचं उत्तर मात्र ते बरोबर देतं.

सकाळी थंड इंजिनात खडखड होते आणि दोन-चार किलोमीटरवर ती विरते, तेव्हा बहुधा घासलेला पिस्टन बोअरमध्ये डुलत असतो. तापून फुगला की घट्ट बसतो. क्लच दाबताच आवाज बदलला किंवा थांबला, तर क्लचकडे बघायचं. ॲक्सिलरेटर सोडताना साखळी फरफटल्यासारखा आवाज आला, तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर. खालून, क्रँककेसमधून जाड ठोके येऊ लागले, तर गाडी चालवत आणायला सांगू नये, टेम्पोत घालून आणवावी. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं इंजिन वाटेत कधी जाम होईल याचा नेम नाही.

टॅपेटबद्दल थोडं जास्त. फोर-स्ट्रोक इंजिनात टॅपेट हलवणारं कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतं, म्हणून ही टिकटिक इंजिनाच्या फेऱ्यांपेक्षा संथ ऐकू येते. सरावलेला कान तेवढ्यावरून तिला ओळखतो. गिऱ्हाइकाला ती नको असते, आणि त्याला खूश करायला पुष्कळ जण टॅपेट घट्ट आवळून देतात. गाडी गप्प होते खरी, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि कडा जळते. किंचित वाजणारं टॅपेट परवडलं. टॅपेटची गॅप फीलर गेजने, इंजिन थंड असताना, कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने ठेवायची. अंदाजाने नाही.

या साऱ्या आवाजांचा पेट्रोलशी काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो एकाच आवाजाचा. जिवतीच्या चढावर मागे माणूस, मध्ये पोतं, गाडी टॉप गिअरमध्ये, वेग पडलेला, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला. अशा वेळी इंजिनातून पातळ, धातूचा टणटणाट येतो. एक गिअर खाली घेतला की तो थांबतो. हे नॉकिंग. प्लगच्या ठिणगीपासून निघालेली ज्योत पलीकडच्या टोकाला पोचण्याआधीच तिथलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, आणि दाबाचा तो धक्का सिलिंडरच्या भिंतींवर आदळतो. बजाजने 2003 मध्ये पल्सरला दोन प्लग दिले, तेव्हा ज्योतीची वाट आखूड झाली. नॉकिंग टाळायचा तोही एक मार्ग.

दुसरा मार्ग पेट्रोलचा. अमेरिकेत थॉमस मिडग्लीने डिसेंबर 1921 मध्ये शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये घालून नॉकिंग दाबलं. त्या विषारी शिशापासून भारतातले पंप 2000 साली सुटले. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची ताकद सांगतच नाही. आपोआप पेटायला ते किती विरोध करतं, एवढंच तो सांगतो. आयसो-ऑक्टेनला 100, हेप्टेनला 0, आणि बाकीचं पेट्रोल या दोघांच्या मिश्रणाशी ताडून मोजायचं. त्यामुळे नॉक न करणाऱ्या साध्या इंजिनात 100 ऑक्टेन ओतलं तरी पिकअप वाढत नाही. इंडियन ऑइलने 1 डिसेंबर 2020 रोजी पुणे-मुंबईसह दहा शहरांत एक्सपी-100 आणलं, ते जास्त कॉम्प्रेशनच्या, म्हणून नॉकिंगकडे झुकणाऱ्या, महागड्या गाड्यांसाठी. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटचं कॉम्प्रेशन साडेसहा, स्प्लेंडरचं दहाच्या आसपास, तर चाकणला बनणाऱ्या 390 ड्यूकचं साडेबाराच्या वर. बुलेटवाला हौसेने 100 ऑक्टेन भरत असेल तर भरू द्यावं. हौसेचा हिशेब मिस्त्रीने मागू नये. पण त्याने विचारलं, तर खरं सांगावं.

आपल्याकडचं साधं पेट्रोल एके काळी 88 ऑक्टेनचं होतं. पुढे ते 91 झालं, आणि 20 टक्के इथेनॉल मिसळल्यावर 95 पर्यंत गेलं, कारण निव्वळ इथेनॉलचं ऑक्टेन शंभराच्या वर आहे. म्हणजे स्प्लेंडरला हवं त्याहून चांगलं ऑक्टेन साध्या नोझलमधूनच मिळतं.

मग ती नॉक का करते? राजुऱ्याच्या हवेत याचं एक उत्तर आहे. सिमेंटची आणि कोळशाच्या ट्रकांची धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत जाते, रिंगा घासतात, ऑइल वर चढून जळतं, आणि पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर बसतो. थराने जागा अडवली की कॉम्प्रेशन वाढतं, शिवाय तो निखाऱ्यासारखा तापतो. त्यात मे महिन्यात पारा 45च्या पुढे, आणि इंजिन हवेवर गार होणारं. अशा गाडीचं हेड खोलून कार्बन काढावा, फिल्टर बदलावा, प्लग नेमक्या नंबरचा आहे का ते बघावं. चढावर गिअर पाडायला सांगावं. गिअर पाडण्यात कुणाचा रुपयाही जात नाही.

दुसरं उत्तर बाटलीतलं पेट्रोल. आडगावात दुकानावर बाटलीने मिळणाऱ्या पेट्रोलात रॉकेल असलं तर ऑक्टेन घसरतं आणि नॉकिंग लगेच सुरू होतं. गिऱ्हाइकाला पंपावरच भरायला सांग. तिथेही शंका आली तर फिल्टर पेपर मागायचा त्याला हक्क आहे: नोझल पुसून एक थेंब टाकायचा, तो उडून गेल्यावर डाग राहिला तर पेट्रोल संशयास्पद.

मायलेज घटल्याची ओरड येईल, तिची थट्टा करू नकोस. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच, मुळात इथेनॉलसाठी न बनवलेल्या दुचाकींमध्ये 20 टक्के मिश्रणाने 3 ते 4 टक्के घट धरली होती. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत रबरी सील आणि पेट्रोलची नळी तपासून घे. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकीचं झाकण आणि त्याचं वायसर नीट बघ. पाणी शिरलं तर इथेनॉल त्याच्यासोबत तळाशी बसतं आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. ती गाडी दिवाळीत तुझ्या दारात नॉकिंग करत येईल, तेव्हा इंजिन खोलण्याआधी टाकी रिकामी करून कार्बोरेटरचा तळ बघ.

तुझा,
मामा