अर्ध्या किमतीचं तिकीट, पुऱ्या किमतीचा प्रवास

मोटारशर्यतीचं तिकीट दोनदा स्वस्त होतं. एकदा अगदी सुरुवातीला, शर्यतीला महिनोन्महिने अवकाश असताना, ‘अर्ली बर्ड’ या गोंडस नावानं. आणि एकदा अगदी शेवटी, स्टँड रिकामे दिसले तर टीव्हीवर शोभा होईल या धास्तीनं. त्या वेळी सवलतीला नाव नसतं, नुसता व्हॉट्सॲपवर कूपन कोड फिरतो. पहिल्या खेपेला आयोजकाला तुमच्याकडून बिनव्याजी उसने पैसे हवे असतात, दुसऱ्या खेपेला खुर्चीवर बसलेला माणूस. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे गरजवंत तो असतो आणि अक्कल मात्र आपली जाते.

मी भाईंदर पूर्वेला राहतो. आमच्याकडे ‘रेस’ म्हटलं की लोकांना पहाटे घोडबंदर रस्त्यावर बाइक दामटणारी पोरं आठवतात, आणि ती आठवण काही चांगली नसते. महाराष्ट्रात बैलगाड्यांसाठी गावोगाव घाट आहेत, पण मोटारींच्या आंतरराष्ट्रीय शर्यती होतील असा एकही ट्रॅक नाही. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे. त्या शहरानं ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक असे ड्रायव्हर दिले. पण पूर्ण लांबीचे ट्रॅक देशातच मोजके: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै, कोइम्बतूरचा कारी, ग्रेटर नोएडाचा बुद्ध. म्हणजे नाद लागला की गाठोडं बांधून निघणं आलं. मग खर्चाच्या वहीत तिकीट हा बहुधा सगळ्यात लहान आकडा ठरतो. प्रवास, हॉटेल, हॉटेलपासून ट्रॅकपर्यंतची टॅक्सी आणि ट्रॅकवरचं खाणं यांची बेरीज त्याच्या कितीतरी वर जाते.

माझा भाचा मीरा रोडला शांतीनगरमध्ये राहतो. गेल्या काही वर्षांत त्याचा ठरावीक फोन येतो, “मामा, तिकीट निम्म्या किमतीत मिळतंय, घेऊन टाकू?” मी विचारतो, “जायचं कसं?” त्यावर तो म्हणतो, “ते बघू नंतर.” सगळं पाणी इथेच मुरतं. तारीख जवळ येते तसा शर्यतीच्या तिकिटाचा भाव उतरतो आणि विमानाचा चढतो. तिकिटावर वाचवलेले पैसे विमान कंपनी खाते. उलट विमान आधी काढलं, तर शर्यत होईल की नाही याची जोखीम तुमच्या डोक्यावर.

‘बुद्ध’वर मी २०१३ साली गेलो होतो, फॉर्म्युला वनच्या भारतातल्या तिसऱ्या आणि आजवरच्या शेवटच्या शर्यतीला. पहिल्या वर्षी, २०११ मध्ये, सचिननं चेकर्ड झेंडा फडकवला होता. त्या वेळी सर्वांत स्वस्त तिकीट अडीच हजाराचं आणि मेन ग्रँडस्टँडचं ३५ हजारांचं. शर्यतीच्या दिवशी सुमारे ९५ हजार माणूस आलं. पुढच्या वर्षी आकडा ६५ हजारांच्या आसपास घसरला, तिसऱ्या वर्षी त्याहून थोडा खाली, आणि दरही उतरत गेले. आम्हाला तिकिटं इथल्याच एका एजंटानं ‘ग्रँडस्टँड’ म्हणून सवलतीत दिली होती. तिथे पोचल्यावर ती कुठल्याशा वेगवान पट्ट्यालगतच्या स्टँडची निघाली. परत आल्यावर जाब विचारला तर म्हणाला, “साहेब, स्टँड तर होता ना, आणि ग्रँडपण होता.” त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बोरिवलीहून ऑगस्ट क्रांती राजधानीनं निजामुद्दीन, तिथून टॅक्सीनं यमुना एक्स्प्रेसवे, आणि मग उन्हातून भरपूर चाल. या सगळ्याचे पैसे मेन ग्रँडस्टँडवाल्याला पडतात तेवढेच आम्हाला पडले होते. त्यात सवलत नसते.

त्या जागेवरून काय दिसलं ते नीट सांगतो, कारण स्वस्त तिकीट म्हणजे नेमकं काय हे त्यावरून कळेल. ट्रॅक पाच किलोमीटरहून जरा जास्त, फेऱ्या ६०, गाड्या २२. साधारण दीड मिनिटानं एकदा आधी आवाज यायचा (ते व्ही-८ इंजिनांचं शेवटचं वर्ष होतं, तो आवाज कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकायचा), मग रंगांचे पट्टे डावीकडून उजवीकडे निघून जायचे. दुसऱ्या फेरीअखेर गतविजेता वेटेल टायर बदलायला पिटमध्ये गेला आणि १७व्या क्रमांकावर बाहेर आला. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला कॉमेंटेटरनं त्यामागची चाल लगेच समजावली असेल. आमच्या स्टँडवर मात्र “वेटेल गेला, गाडी बिघडली” अशी हाकाटी झाली. समोरचा मोठा पडदा दुपारच्या उन्हात फिका पडला होता आणि गर्दीमुळे मोबाइलचं नेटवर्क बसलं होतं. तो पुन्हा पुढे आहे हे आम्हाला बऱ्याच फेऱ्यांनंतर उमगलं. शेवटी तो जवळजवळ अर्ध्या मिनिटानं जिंकला, सलग चौथं विजेतेपद पक्कं झालं, आणि नियम मोडून त्यानं मुख्य स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवली, खाली उतरून तिच्यापुढे वाकून नमस्कार केला, हातमोजे प्रेक्षकांत फेकले. संघाला २५ हजार युरो दंड झाला. भारतातल्या मोटारशर्यतींचा तो सर्वांत गाजलेला क्षण. आम्हाला दूरवर धूर दिसला. बाकीचं रात्री हॉटेलात टीव्हीवर पाहिलं.

तरी मी त्याला पैसे वाया गेले म्हणणार नाही. तो आवाज टीव्हीवर येत नाही. पण शर्यत ‘बघायला’ जातो आहोत अशा समजुतीनं कुणी सर्वांत स्वस्त स्टँड घेऊ नये. घ्यायचाच तर लांब सरळ रस्ता जिथे संपतो आणि वळण सुरू होतं त्या कोपऱ्यावरचा घ्यावा. तिथे ब्रेक लागतात, गाड्या हळू होतात, ओव्हरटेक होतात, हेल्मेटचा रंगही ओळखू येतो. वेगवान पट्ट्यालगतची जागा फोटोत छान दिसते, तिथे बसून काही हाती लागत नाही. तिकिटावर स्टँडचं नाव असतं, वळणाचा क्रमांक नसतो. म्हणून ट्रॅकचा नकाशा उघडून स्टँड कुठे आहे ते बोटानं शोधल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पडदा समोर आहे का, छप्पर आहे का, हे विचारायला लाजू नये.

आता लोक म्हणतात की हा खेळच संपत चालला आहे, म्हणून तिकिटं स्वस्त. मला हे अर्धंच पटतं. जगात फॉर्म्युला वनला उलट भरती आहे. नेटफ्लिक्सच्या मालिकेनं नवी पिढी ओढून आणली आणि परदेशात अनेक ठिकाणी तिकीट मिळणं मुश्कील. ओहोटी लागली ती यजमान देशांच्या खिशाला. मलेशियानं १९९९ पासून भरवलेली शर्यत २०१७ नंतर सोडून दिली, कारण यजमानपदाचा खर्च वाढत होता आणि प्रेक्षक घटत होते. आपल्याकडे करानं घात केला. उत्तर प्रदेश सरकारनं आधी करमणूक कराची सूट दिली होती, त्यावर २०११ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिकीटविक्रीतली २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेश झाला. पुढे फॉर्म्युला वनच्या भारतातल्या कमाईवर आयकर लागतो, असा निकाल त्याच न्यायालयानं २०१७ मध्ये दिला. हा खेळ की करमणूक, या वादात शर्यत कधीच निघून गेली होती. मग २०२३ मध्ये ‘बुद्ध’वरच मोटारसायकलींची मोटोजीपी आली, अगदी ८०० रुपयांपासून तिकिटं होती, बेझेकी जिंकला, उकाड्यामुळे फेऱ्या २४ वरून २१ केल्या गेल्या. २०२४ ला ती परत आली नाही. हैदराबादला विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेन सागरच्या काठी झाली. पुढच्या वर्षीची शर्यत महिनाभर आधी रद्द झाली. आपला मुंबईचा जेहान दारूवाला त्या हंगामात मासेरातीकडून धावत होता. घरची म्हणावी अशी त्याची एकुलती शर्यत ती रद्द झालेलीच होती.

म्हणजे आपल्याकडे शर्यत एकदा झाली म्हणून पुन्हा होईलच असं नाही. आणि झाली तरी ठरलेल्या दिवशी होईल असंही नाही. चेन्नईची रस्त्यावरची शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची ती मिचाँग वादळानं लांबली आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस झाली. इंडियन रेसिंग लीगच्या पहिल्याच फेरीला, नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादला, अपघात आणि उशीर यांच्या खेळात लीगची एकही शर्यत झाली नाही. हे फक्त भारताचं दुखणं नव्हे. २०२१ ला बेल्जियममधल्या फॉर्म्युला वनमध्ये पावसात सेफ्टी कारमागे दोन-तीन फेऱ्या मारून ‘शर्यत झाली’ असं जाहीर करण्यात आलं. लास वेगासला २०२३ मध्ये सरावाच्या आठव्याच मिनिटाला रस्त्यातलं झाकण उखडून फेरारी फुटली, मध्यरात्रीनंतर प्रेक्षकांना बाहेर काढलं आणि फक्त त्या एका रात्रीचं तिकीट घेतलेल्यांना २०० डॉलरचं कूपन दिलं, तेही त्यांच्याच दुकानात वापरायचं. तीन दिवसांचा पास काढलेल्यांच्या हाती तेही नाही.

म्हणून मी भाच्याला किमतीच्या आधी परताव्याची अट वाचून दाखवायला लावतो, मोठ्यानं. ‘रद्द झाल्यास’ आणि ‘पुढे ढकलल्यास’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे ढकलली तर पुष्कळ ठिकाणी तेच तिकीट नव्या तारखेला चालतं, एवढंच मिळतं, आणि नवी तारीख तुमच्या ऑफिसच्या ऑडिटच्या आठवड्यात पडते. सुविधा शुल्क म्हणून वर जे घेतात ते सहसा परत येत नाही. कूपननं घेतलेल्या तिकिटाला वेगळी अट असू शकते. भाच्याच्या चौकडीला हे अनुभवानं कळलं. त्यांची शर्यत पुढे गेली, तिकीट शाबूत राहिलं, पण स्वस्तातलं विमान परत होणारं नव्हतं आणि चौघांचे मिळून तिकिटांच्या दुपटीहून जास्त पैसे बुडाले. “मामा, तिकीट तर सेफ आहे,” असं तो मला अगदी समाधानानं सांगत होता!

लांबच्या शर्यतीला मी आता क्रमच उलटा धरतो. आधी रेल्वे. आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडतं. वेळेत रद्द केलं तर थर्ड एसीला माणशी दोनशेच्या आसपास कापले जातात, तेवढं सोसतं. हॉटेल ‘फ्री कॅन्सलेशन’ असेल तेच, भले दोनशे-चारशे महाग पडू दे. या दोन्ही दोऱ्या हातात ठेवून शर्यतीचं तिकीट शेवटच्या पंधरवड्यात घ्यायचं. तोवर ट्रॅकवर काम चाललं आहे का, परवानग्या झाल्या का, संघ येतायत का, हे वर्तमानपत्रांत येऊ लागलेलं असतं. आणि तोवर सवलतही आलेली असते, कारण आपल्याकडे शेवटपर्यंत सगळी जागा विकली गेली असं क्वचितच होतं. गेलीच विकली, तर घरी बसावं. फॅनकोडवर फॉर्म्युला वन किरकोळ पैशांत दिसतं, कॉमेंटरीसकट.

जवळच्या शर्यतीचं गणित मात्र अगदी वेगळं, आणि तिथे मी हात मोकळा सोडतो. २८ जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियममध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीचे उंचवटे, त्यावरून उडणाऱ्या मोटारसायकली, आणि सगळं एका स्टेडियमच्या आत. इथे महाग खुर्ची आणि स्वस्त खुर्ची यांत फरक फक्त धुळीचा. वरच्या रांगेत बसलेल्याला सुरुवातीच्या गेटपासून शेवटच्या उडीपर्यंत सगळं दिसतं, उलट खालच्याच्या डोळ्यांत माती जाते. बोरिवलीहून पुण्याची बस पकडून वाकडला उतरलं की बालेवाडी हाकेच्या अंतरावर, रात्री परत. अशा ठिकाणी अर्ध्या किमतीचं तिकीट खरोखर अर्ध्या किमतीत पडतं. घ्यावं, आणि शक्य तितकं उशिरा घ्यावं.

नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर शर्यत घेण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली तेव्हा आमच्या इमारतीच्या ग्रुपवर लगेच “अर्ली बर्ड कधी?” सुरू झालं. घाई कसली? घोडबंदरनं ठाणे, तिथून ऐरोलीमार्गे नेरूळ. सकाळी उठून जाता येतं, विमान नाही, हॉटेल नाही. रस्त्याकडेला सिमेंटचे अडसर लागलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत आणि मग खिशात हात घालावा. अशा रस्त्यावरच्या ट्रॅकला दोन्ही बाजूंनी भिंत आणि वर जाळी असते. खालच्या रांगेतून गाडी जाळीच्या चौकोनांतून दिसते, तेव्हा इथेही उंचावरची जागा धरावी. आणि पोरांना नेणार असाल तर केमिस्टकडून फोमचे इअरप्लग घेऊन जा, कापसाचे बोळे पुरत नाहीत.